टेकडीपलीकडचं वावर

तांडा, ढाणकीजवळ
८ जुलै २०२४

ती. सोनूबाईस,
बादलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. लकव्यानं गेलेलं याडीचं उजवं अंग अजून वळत नाही. बोलते, पण आवाज अंगणापलीकडे जात नाही. मी आणि तुझी भावजय टेकडीपलीकडच्या वावरात डवरणीले, तण काढायले जातो, तवा ती घरी एकटी. तांड्यात मोबाइलले रेंज नाही, म्हणून तर अजून एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठ्या देतो.

परवा ती खाटेवरून घसरली. आम्ही दिवस मावळताना आलो तवा भुईवरच होती. कवाची पडली विचारलं, तर म्हणे, आत्ताच. गालावरची माती वाळून गेलती.

पोलिसांजवळ असतात तसे बोलायचे सेट घनश्यामदाजींच्या दुकानात भेटतात का? एक तिच्या उशाशी, एक माझ्या कमरेले. कोणता घ्यावा, मले समजत नाही. थकलो, बाई.

माया उणी होऊ देऊ नको.
तुझा बादल


उमरखेड
११ जुलै २०२४

चि. बादल यास,
अ. आ. वि. वि.

चिठ्ठी वाचली आणि तशीच दुकानात गेली. माय अशी पडली तर मी लेकीनं यायले पाहिजे, पण सासरे अंथरुणावर आहेत. तुझ्यासारखीच अडकली आहे.

तुझ्या दाजींनी सेट समोर मांडले. एक खेळण्यातला, तो अंगणातच दम सोडते. दुसरा लांब पल्ल्याचा, पण त्याले सरकारी परवाना लागते. त्या भानगडीत पडू नको म्हणाले. राह्यला कमी ताकदीचा, बिनपरवान्याचा. खोक्यावर पाच किलोमीटर छापलं आहे, पण ते सपाट मैदानातलं. टेकडी आडवी आली की त्यातलं काही धरू नको, असं ते म्हणतात. आवाज झाला की आपोआप सुरू होणाराही होता. पण याडीचा आवाज बारीक, आणि तांड्यातले कोंबडे मोठे. म्हणून मोठ्या बटणाचा निवडला. डाव्या अंगठ्यानं दाबून पाह्यलं, सहज दबते.

लहानपणी रेडिओ खोलून बसला होतास, तसा हा खोलू नको.

आमची आठवण धरून राहा.
तुझी सोनूबाई


तांडा
१९ जुलै २०२४

ती. सोनूबाईस,
बादलचा शि. सा. न. वि. वि.

सेट पोचले. नाल्यापर्यंत याडीचा श्वाससुद्धा ऐकू येते. टेकडीच्या माथ्यावर नुसती खरखर. पलीकडे उतरलो की मुका. मी वावरात उभा राहून कितीदा तरी हाक मारली.

तुझी भावजय म्हणते, ते वावर शेजारच्या धावजीले बटईनं, अर्ध्या पिकावर करायले देऊ आणि नाल्याकाठचं आपण करू. नाल्याकाठी मुरूम आहे, तुले माहीत आहे. पलीकडची काळी जमीन. बापूनं धुरे बांधून केलेलं वावर ते. वाटा तुझाही आहे, म्हणून विचारतो. परवान्याच्या मोठ्या सेटमागं लागावं का?

राग मानू नको.
तुझा बादल


उमरखेड
२२ जुलै २०२४

चि. बादल यास,
अ. आ. वि. वि.

परवाना येईपर्यंत याडी खाटेवरून किती वेळा पडायची? बापू असते तर त्यांनी आधी वावर सोडलं असतं. मले कायले विचारतो? धावजीले आजच सांग. पोळ्याले येतेच आहे, तवा तुले दोन दिवस नुसतं झोपू देईन.

जीव सांभाळ.
तुझी सोनूबाई


तांडा
९ ऑगस्ट २०२४

ती. सोनूबाईस,
बादलचा शि. सा. न. वि. वि.

काळं वावर धावजी करून राह्यला. मी तिकडे पाहायले जात नाही.

सोमवारी डवरताना सेट वाजला. शब्द नाही, नुसता श्वास. बैल तसेच सोडून धावलो, नाल्यात पाय मुरगळला. घरी पाह्यतो तर याडी उशाले टेकून नीट बसली होती. काहून दाबलं विचारलं, तर म्हणाली, घर लई मुकं असते. मी नाही नाही ते बोललो, बाई. मग तिथंच खाटेजवळ भुईवर बसलो.

आता डवरताना मीच मधूनमधून बटण दाबतो. पिकाचं कोणतं तास धरलं, कोणता बैल अडला, सांगत राहतो. सांगायले काही उरलं नाही की नुसतं दाबून ठेवतो. तिले बैलांच्या घंटा ऐकू येतात.

काल दुपारी बटण सोडलं, तर तिकडून तिचाच आवाज आला. म्हणाली, तुहा आवाज थकला, आता सावलीत बस. बसलो.

पोळ्याले वाट पाहतो.
तुझा बादल