सईची सरासरी, माझं पेन

शनि. १० मे
"तू मला बघून बघून पकडतेस." सातवीत मीनल म्हणाली होती. चुलतबहीण, एकाच वर्गात. मी मॉनिटर, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचे. आज मैदानावर का आठवलं कोण जाणे.
बेसबॉलची मॅच हरलो. माझी लेक सई कॅचर, म्हणजे अख्खी मॅच बॅटरच्या मागे उकिडवी. गुडघे सुजलेत. स्वतः बॅटिंगला चारदा आली, एकदाच पहिल्या बेसवर पोचली. तिने मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, हातून सुटला. जोरात आला होता, पण मी स्कोअरशीटवर E लिहिला. म्हणजे एरर, त्याची चूक; सईला हिट नाही, तिची सरासरी खाली.
इथे जर्मनीत क्लबला दर मॅचला एक स्कोअरर द्यावा लागतो, कुणीतरी पालक. सहा वर्षं मीच. रीतसर कोर्स करून.

सोम. १२ मे
नवऱ्याने, सुहासने, सईच्या बॅटिंगचं एक्सेल केलं. दिवसभर ऑफिसात तेच, घरी पण तेच. सईचे सहा सीझन लाल रेघेत, लीगची सरासरी निळ्या. लाल कायम खाली. लॅपटॉप भाताच्या पातेल्याशेजारी.
"राज्य संघाची यादी शुक्रवारी तेवीसला. ट्रेनर हेच बघणार."
"कॅचरची तुलना कॅचरशी कर. लीगमधे आउटफिल्डवालेही आहेत, दोन तास गवत बघणारे."
"आकडा तो आकडा."
"ती अडवते ते चेंडू? त्यांचा कॉलम कुठंय?"
"मला काय विचारतेस? शीट तू भरतेस."
सई ताट उचलून आत गेली. जाताना जर्मनमधे म्हणाली, तुम्हा दोघांची लाज वाटते.
त्याचा चावण्याचा आवाजसुद्धा नको वाटतो आजकाल.

बुध. १४ मे
रजा टाकली. जुन्या शीट्स काढल्या. सुहासला खोटं पाडायचं होतं, बाकी काही नाही.
हिट की एरर, शंका आली की मी निकाल लिहून शेजारी बारीक ठिपका देते. माझी सवय. आज फक्त ठिपके बघत गेले. दुसऱ्यांच्या मुलांना ठिपक्याशेजारी बहुतेक हिट. त्यांच्या आया खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या, "आल्झो, म्हणजे हिटच ना?" आणि मी द्यायचे.
सईच्या ठिपक्यांना एकही हिट नाही. सहा वर्षांत एकही.
कुणी म्हणू नये, बाई आपल्या मुलीला झुकतं माप देते. कुणी म्हणालं नव्हतंच.
लाल रेघ माझ्या अक्षरातली.

रवि. १८ मे
प्रॅक्टिसहून येताना गाडीत सईला सांगितलं.
"माहितेय." चक्क मराठीत. "सगळ्या टीमला माहितेय. आईचा एरर म्हणतात त्याला."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर तू अजून कडक झाली असतीस."
हे ती पुढे बघत, शांतपणे. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.
"आता काही करू नकोस हं. तुझं ते मेल वगैरे. नाइन, नाही म्हणजे नाही."

मंगळ. २० मे
सुहासला सांगितलं. हसला. "म्हणजे सहा वर्षांचा डेटाच कचरा."
त्या कचऱ्यावरच तू मुलीला जेवताना सोलत होतास, म्हटलं. तेव्हापासून अबोला. बरंय.
लीगच्या स्कोअरिंगप्रमुख फ्राऊ लिंडनर. माझा कोर्स त्यांनीच घेतला होता. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आई म्हणून बसणार असाल तर खुर्ची सोडा. दुरुस्तीची मुदत मॅचनंतर काही दिवसच असते, हेही त्यांनीच शिकवलं. नाही म्हणतील. त्यांच्या जागी मीही म्हटलं असतं.
सईला न विचारता मेल केली. माफी, कारणं, सगळं खोडलं. एवढंच ठेवलं:
सहा वर्षांच्या शीट्स जोडल्या आहेत. सईच्या नावापुढे जिथे ठिपका आहे, ते चेंडू कृपया दुसऱ्या स्कोअररकडून तपासून घ्यावेत आणि इतरांच्या मुलांना मी जे दिलं ते तिलाही द्यावं, शुक्रवारच्या आत.