खड्ड्याचा उलटा ढाळ

आप्पा, तुम्ही जाऊन एक तप उलटलं आणि मी आता तुम्हाला कामाचं सांगायला बसलोय. जिवंतपणी विचारायचात तेव्हा "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून उडवून लावायचो.

सुरतेबाहेर आम्ही रेल्वेची इंजिनं दुरुस्त करायची शेड बांधली. नकाशे माझे, देखरेखही माझीच. रुळांच्या मधे माणूसभर खोल, लांबलचक खड्डा असतो. वर इंजिन उभं राहतं आणि फिटर खाली उतरून काम करतात. तळाला ढाळ हवा, म्हणजे तेलपाणी एका टोकाच्या टाकीत जातं. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये फरशी घातलीत की तुम्ही तांब्याभर पाणी ओतून उकिडवे बसायचात. पाणी मोरीपर्यंत पोहोचल्याशिवाय थापी धुवायची नाही, हा तुमचा नेम. शेठ हसतो म्हणून मला त्याची लाज वाटायची.

तुमच्या हाताखाली शिकलेले, भेस्तानला आपल्या शेजारच्या खोलीत राहणारे काका याच कामावर गवंडी होते. टाकीची जागा मीच नकाशात दुसऱ्या टोकाला नेली होती आणि उतार मात्र जुन्याच कागदावरून दिला. त्यांना शंका आली. "भाऊ, ढाळ उलटा वाटस. पानी टाकीसन देखूत का?" चारचौघांत ते माझ्याशी अहिराणी बोलले, याचाच मला राग आला. मी हिंदीत म्हणालो, "मशीन से नापा है, चाचा. माल डालो."

आता टाकी कोरडी असते. बंद टोकाला घोटाभर तेलकट पाणी साचतं आणि फिटर त्यातच उभे राहतात. एकाची घसरून कंबर मोडली. खड्डा फोडायचा तर शेडच बंद ठेवावी लागेल, तेवढं कुणी करणार नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, ढाळ कुणी दिला? काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मेरे हाथ से गलती हुआ, साहब."

चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांना त्याच दिवशी काढलं. फाटकापाशी मला म्हणाले, "तुना बाप मना उस्ताद व्हता, भाऊ." या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार? ते गावी गेले.

मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही, सांगेन असंही वाटत नाही. हे पत्र तरी कुठे पाठवायचंय? म्हणून एवढं लिहितो, आप्पा. त्यांनी चूक अंगावर घेतली तेव्हा मला लाज वाटली नाही. हायसं वाटलं.