गाडीच्या साण्यावर पांढरी माती

रेणापूर,
शुक्रवार, दुपार (पंखा बंद, लाइट गेलेली)

तीर्थरूप साखराआक्काच्या पायावर धाकट्या शिवप्पाचं डोकं, आणि दाजींना शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? (बसला नसेल तर बिडी सोडा म्हणावं. पण हे मी सांगितलं असं सांगू नको.) इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे वाळलो आहोत पण उभे आहोत. फोन सोडून पत्र कामून लिहितोय म्हणून हसू नको. फोन केला की दाजी तो स्पीकरवर टाकतात आणि आपलं घरातलं बोलणं मुदखेडच्या फलाटापर्यंत जातं. आणि तुझ्याकडं काही मागायचं म्हणून लिहितोय असंही समजू नको. बहिणीपाशी मन मोकळं करावं, बास, एवढंच.

तुला ठाऊकच आहे, आपल्या शिवलीलाला सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आणायचं ते सातव्यातच. आठवा लागला की गरवार बाईनं वेस ओलांडायची नाही, हे तूच आम्हा सगळ्यांना दरडावून सांगत आलीस. येत्या सोमवारी आठवा लागतोय. आणि पोरगी अजून नांदेडात सासरीच आहे! जावई वीरभद्र भला माणूस, पण परीक्षेच्या ड्युटीत अडकलेला, आणि तसाही आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही. सगळी सत्ता विहीणबाईंची, शांतम्मांची. त्यांनी सरळ सांगितलं की तुमच्या त्या काचेच्या टपाच्या गाडीतून माझी सून मी धाडणार नाही. आक्का, रात्रंदिवस एकच घोर लागलाय. जगाच्या लेकी माहेरी येतात, माझीच का येऊ नये?

आता ही गाडी कुठून आली ते ऐक. ती आणली ड्रमांनी. औंदा आपल्या भांड्याच्या दुकानात लग्नाचा रुखवत कुणी विचारला नाही, पण टिपाडं, ड्रम, घागरी, कॅन यांना लई उठाव. टँकर येणार म्हटलं की लोक आधी माझ्या दुकानात पळत. लोकांच्या घशाला कोरड पडली आणि माझ्या गल्ल्याला ओल आली. (हे वाक्य कस्तुराचं आहे. तुझी भावजय बोलते कमी, पण बोलली की चटका बसतो.) तर त्या कमाईतून लातुरात एक जुनी गाडी बघितली. काळी कुळकुळीत, आणि टपाला ही एवढी काच. विकणारा म्हणाला, सनरूफ आहे, बटन दाबलं की आभाळ दिसतं. मी भुललो. आभाळात बघण्यासारखं औंदा काय आहे, हे त्या वेळी सुचलं नाही. काचेखाली ओढायचा पडदा असतो म्हणे, तो आधीच्या मालकाच्या पोरांनी तोडून ठेवलेला. कस्तुरानं गाडीला ओवाळताना वर बघितलं आणि म्हणाली, “अगं बया, ह्या गाडीला तर साणं हाय!” आपल्या माळवदाला उजेडासाठी भोक असायचं ना, तेच साणं. तेव्हापासून अख्ख्या गल्लीत त्याला सनरूफ कुणी म्हणत नाही.

मागं लेकीला भेटायला गेलो तेव्हा मोठेपणा आडवा आला, दुसरं काय. विहीणबाईंना म्हटलं, चला, गुरुद्वाऱ्याकडून एक चक्कर मारून आणतो. दुपारची वेळ. एसी लावला. पण आक्का, त्या एसीचं असं की पाय गारठतात आणि टाळू भाजते. विहीणबाई मागं बसलेल्या, अगदी साण्याखाली. बिचाऱ्यांनी आधी पदर घेतला, मग पदरावर पिशवी धरली, मग पिशवीवर माझं वर्तमानपत्र. परत आल्यावर खाली उतरल्या, तोंड तांबडंलाल, आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, “पाव्हणे, ह्याच्यात पापड वाळवा. माझी सून न्हाई बसायची.” शिवलीला खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, बाबा, आता जा, मी समजावते. पण लेकीनं समजवायचं आणि बापानं मागं सरायचं, हे माझ्या रक्तात नाही.

घरी येऊन मी त्या काचेच्या मागं लागलो. पहिल्यांदा ओलं पोतं टाकलं. काय गार झाली गाडी! पण पोतं रेणापूरची वेस ओलांडायच्या आत वाळून खडखडीत. म्हणून बरोबर पाणी घेतलं आणि थांबून थांबून शिंपडत गेलो. हे पाणी मी न्हाणीतल्या कोपऱ्यातल्या ड्रमातलं घेत होतो. तो ड्रम कस्तुरानं फडकं बांधून झाकून ठेवला होता. मला वाटलं, असेल राखीव. राखीवच होता, आक्का. लेकीच्या बाळंतपणासाठी ती टँकरच्या पाण्यातली एकेक कळशी मागं टाकत होती, आणि मी ते नेऊन गाडीच्या टपावर ओतलं. तिला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी दोन शब्द उलटून बोलून मोकळा झालो असतो. तिनं नुसतं ते फडकं घडी करून ठेवलं, आणि मग मला वाढताना ताट जरा जोरात ठेवायला लागली. ते अजून चालू आहे.

मग शेजारचा गुंडप्पा म्हणाला, पोळ्या गुंडाळायची चंदेरी पन्नी लाव, ऊन उलटं जातं. (गुंडप्पाला सगळ्याचं ज्ञान आहे. दुकानासमोर बसून तो रोज उदगीरचा नवा जिल्हा करतो आणि संध्याकाळी परत लातुरात घालून घरी जातो.) लावली. लातूर रोडला वाऱ्यानं ती सुटली आणि मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर जाऊन बसली. ड्रायव्हरनं गाडी सावरली म्हणून निभावलं, नाहीतर आज हे पत्र जेलातून आलं असतं. ड्रायव्हर खाली उतरून मला जे बोलला, ते तुझ्यासारख्या दीक्षा घेतलेल्या बाईला लिहून पाठवता येत नाही.

त्या रात्री झोप नाही. दिवस तर भराभरा चाललेले. आणि पहाटे एकदम डोक्यात उजेड पडला की खामखा बाजारात काय हिंडतोय, साण्याला काय लागतं ते आपल्याला ठाऊक नाही का? माळवदावर काय घालतो? पांढरी माती! तिच्याखाली वैशाखातसुद्धा घर कसं गार असतं. झालं तर मग. गढीच्या बाजूनं पाटीभर पांढरी माती आणली, भुसा कालवला, (पाणी माझ्या वाटणीच्या पिण्यातलं घेतलं, कस्तुराच्या देखत घेतलं) आणि काचेवर दोन बोटं जाड थर दिला. वरून शेणाचा हात फिरवला. वाळला आणि असा बसला की ठोकलं तर भिंतीसारखा आवाज! कस्तुरा बाहेर आली, बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी बोलली. म्हणाली, “आता दाराला तोरण लावा अन् राहायला जा.”

पण काल निघालो ना मी नांदेडला, आक्का, आणि गाडी खरोखर गार. शप्पथ. वर आग पडून राहिली आणि मी आत गाणं म्हणत चाललोय. अहमदपूरला चहाला थांबलो तर लोक गोळा झाले. एकजण विचारतो, मामा, पावसाळ्याच्या आधी डागडुजी का? दुसरा म्हणतो, वर भोपळ्याचा वेल सोडा. हसू देत. मी तिथून नांदेडपर्यंत देवाला एकच म्हणत होतो की आजचा दिवस निभावू दे, बाकी तुझं तू बघ.

ऐन उन्हाच्या भरात विहीणबाईंच्या दारात गाडी लावली. हट्टानं सावली सोडून लावली. म्हटलं, बसून बघा, आणि मग काय ते सांगा. त्या बसल्या. मागं, जिथं शिवलीला बसणार तिथंच. मी पुढं. शिवलीला दारात, ओटी भरायचं सामान काढून तयार, पिशवी पायापाशी. विहीणबाईंनी वर हात लावून बघितला, गादीला लावून बघितला, मग हळूच म्हणाल्या, “गार हाय की, पाव्हणे.” आक्का, माझ्या डोळ्यात पाणीच आलं. शिवलीला पिशवी उचलायला वाकली. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, गार हाय पण अंधार लई हाय, दिवा हाय का? आहे की, मी म्हटलं, आणि वरचं बटन दाबलं. दिव्याचं बटन आणि साण्याचं बटन एकाला एक लागून आहेत.

काच सरकली. माती सरकली नाही. ती मागच्या कडेला अडली, तडकली आणि ढेकळाढेकळांनी, भुशासकट शेणासकट, विहीणबाईंच्या डोक्यावर आली. मी घाबरून परत बटन दाबलं तर उरलेलीही आली. धुरळा बसल्यावर आत बघितलं तर त्या तशाच ताठ बसलेल्या, फक्त पांढऱ्या. शिवलीलानं तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती की हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. विहीणबाई उतरल्या, आत गेल्या, आणि न्हाणीघराचं दार लागलं.

मी ओसरीवर बसून राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्यामागून तांब्या, बादली भरते, रिकामी होते, नळ पुन्हा चालू. आक्का, किती महिन्यांनी मी इतकं पाणी ऐकलं! मला लाज वाटायला पाहिजे होती, पण मी कान देऊन बसलो होतो. मग त्या धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आल्या, ओल्या केसांनीच माझ्यासमोर बसल्या. मी म्हटलं, माफ करा. त्या म्हणाल्या, “मातीचं जाऊ द्या. आत्ता माझ्या एकटीच्या डोक्याला किती पाणी लागलं, ऐकलं ना तुमी? तिकडं बाळंतिणीला रोज दोन टायमाला न्हाऊ घालायचं, बाळाचं वेगळं, बाळुत्यांचं वेगळं. कुठून आणणार, पाव्हणे? हे तोंडावर बोलावं तर तुमची इज्जत जाते. म्हणून मी आपली गाडीला नावं ठेवली.”

अख्ख्या तालुक्याला ड्रम विकणारा माणूस मी, माझ्याच घरातला रिकामा आहे. उसाचा रस पाजला त्यांनी, तो घेतला आणि एकटा परत आलो. साणं उघडंच होतं, मातीनं खाच भरल्यामुळं लागेना. असो. मन मोकळं झालं. दाजींना आणि तुला पुन्हा शरणार्थ.

तुझा,
शिवप्पा

ता.क. विहीणबाईंनी निघताना आणखी एक विचारलं की पोरीला कुणी आत्या न्हाई का? आत्याचं घर म्हणजे माहेरच, असं त्यांचं म्हणणं. मी सहज तुझ्या कानावर घातलं.

ता.क. २. सहज नाही, आक्का. तुझ्या बोअरला अजून पाणी आहे. नांदेड ते मुदखेड म्हणजे सकाळच्या गारव्यात चहा निवायच्या आत पोचणारी वाट. रविवारी तिला घेऊन तुझ्या दारात येऊ का? बापाच्या दारातलं बाळंतपण तुझ्या दारात होऊ दे. पत्र उद्या सकाळच्या एसटीबरोबर धाडतोय, नाही म्हणायचं असेल तर हातात पडल्या पडल्या फोन कर, स्पीकर बंद करून. आणि एक, कस्तुराला मी हे लिहिलेलं माहीत नाही. तुमचं दोघींचं कधी पटलं नाही, तिला मी हळूहळू सांगीन.

ता.क. ३. वन्सं, नमस्कार. पाकीट डकवायला माझ्याकडंच दिलं होतं, म्हणून वाचलं. यांचं ऐकून फोनबिन करू नका, आम्ही रविवारी येतोच आहोत. मेथ्या, डिंक, खोबरं मी बांधून ठेवलंय. बाळंतीण उठेपर्यंत मी पण तिथंच राहीन, तुम्ही बोलाल ते ऐकून घेईन. फक्त एकच, आल्या आल्या पाया पडले नाही म्हणून राग धरू नका. आधी तुमच्या न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेईन, मग पडेन. — कस्तुरा