गरम शर्टाची घडी

मामा, जय भीम.

बोरीच्या कबड्डीवाल्या पोरींचे लाल शर्ट द्यायला पहिल्या एसटीनं चालले. तुमी झोपले होते, म्हणून उठवलं न्हाई. चहा थर्मासात हाय, भाकरी टोपल्यात.

शर्ट यावेळी झकास उतरले. पॉलिस्टरवर आधी राखाडी शाईचा एक हात दिला, म्हणजे कापडाचा लाल रंग वर येत न्हाई. त्यावर पांढरी छापली. शाई पक्की करताना आच कमी ठेवली आन् शर्ट पंख्याखाली पार गार होऊ दिले. अक्षरं दुधावानी पांढरी हायेत.

मागच्या खेपेला तुमी सुती शर्टासारखी गरम गरम घडी घालून गठ्ठा रचला. आतल्या आत रंग सुटला आन् सगळी अक्षरं गुलाबी झाली. सुतीला ते चालतं, पॉलिस्टरला न्हाई, एवढीच गोष्ट. त्याच्यापायी दुकानात पाऊलच टाकायचं न्हाई, हे कुठलं? छापायच्या फ्रेमवर काढलेली अक्षरं तर अजून तुमच्याच हातची हायेत. पोरींनी इचारलं तर तुमचंच नाव सांगणार हाय.

विहाराच्या मंडळाचे निळे शर्ट आज छापायचेत. फ्रेम धुऊन ठेवली, दोन्ही शाया घोटून ठेवल्या. छापा आन् दोरीवर मोकळे सोडा. घडी मी आल्यावर दोघं मिळून घालू.

दुकानाची चावी तुमच्या सदऱ्याच्या खिशात हाय. माझ्याकडं दुसरी न्हाई. दुपारी मी घरी न्हाई, थेट दुकानात येणार हाय.

तुमची सून,
राजेश्री