आयुधपूजेला चालू राहिलेलं यंत्र

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी आज तुमच्यावर मनसोक्त हसायला मिळालं म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं येईल, चौथीतून तुम्हीच काढलंत मला. "मुलीला गुणाकार आला, पुरे झालं," म्हणालात, आणि त्याच गुणाकारावर स्वतःची नोकरी चालवलीत. प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर लाटा उमटायच्या, त्यांचे फोटो तुम्ही तांबरमच्या घरी आणायचात, आणि मी चुलीपाशी बसून दोन शिखरांमधले चौकोन मोजायची. सांबार उतू गेलं की त्याची बोलणी वेगळी. साहेब म्हणायचे, काय तीक्ष्ण नजर तुमची. नजर माझी होती. आयुधपूजेला तर कमालच. त्या दिवशी अवजारं पुजायची, वापरायची नाहीत, म्हणून तुमची पट्टी, पेन्सिल देवापुढे, सुट्टीवर. मी आपली दोरा ताणून मोजतेय. का, तर "मुलीची बोटं म्हणजे काही आयुध नव्हे." फार शहाणे तुम्ही.

आता ऐका. माझी नात, म्हणजे तुमची पणती, तसल्याच प्रयोगशाळेत आहे. तिने कम्प्युटरला असं काही शिकवलंय की तोच यंत्र चालवतो, आणि पापणी लवायच्या आत हजारो लाटा मोजून आकडे लिहून ठेवतो. पूजेला घरच्यांना बोलावतात तिथे, म्हणून गेले. प्रसादाच्या सुंडलातले हरभरे बरे शिजले होते, मीठ थोडं कमी. सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू, सगळी बंद, हिचं तेवढं चालू. मोठे सर आले, थेट तुमच्या वळणाचे. "आज बंद म्हणजे बंद."

"सर, मी हातच लावत नाहीये. तीन दिवस आपलं आपण चाललंय. आता थांबवलं तर सगळं पहिल्यापासून."

"शेजारी माणूस नाही, मग आकड्यांवर विश्वास कसा ठेवू?"

पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, एक लाट कागदावर काढून द्या, आणि हारातला थोडा दोरा. पदर खोचला, ताणला दोरा, मोजले चौकोन. एका चौकोनाला किती ते नातीने सांगितलं, गुणलं. यंत्राचा आकडा तोच. सर दोनदा कागद उलटसुलट करून बघतात, मग म्हणतात, चालू दे. चालत्या यंत्राला कुंकू मीच लावलं, अप्पा, याच बोटाने.

निघताना सरांनी विचारलं, "अम्मा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, कुणी नाही. खोटं होतं ते. तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटेल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. अजून वाटलेलं नाही.