काशीला सोडलेली वडी

अहो आई,

चॉकलेट-खोबऱ्याच्या बारचा ट्रे आत्ताच ओव्हनमधून बाहेर काढलाय. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही हा नियम तुमचाच, त्यामुळे हातात थोडा रिकामा वेळ आहे. समोर बटर पेपरचा उरलेला तुकडा आहे, त्यावरच लिहितेय. तुमची नात दोनदा येऊन सुरी उचलून गेली. "मम्मा, या वेळी तरी स्क्वेअर काप ना. बार कोणी डायमंड शेपमध्ये कापतं का? फोटोत विचित्र दिसतात." मी म्हटलं, या घरात तिरकेच कापतात, कारण विचारायचं नाही. कारण सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तुम्ही गेलात तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. शिवाय मागच्या आठवड्यात मी काशीहून आले. तिथे मी जे केलं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. पण ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

मी यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आले, तुमच्या मुलाशी लग्न केलं आणि तुम्हाला पेठेतून उचलून वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. यातली कुठली गोष्ट तुम्हाला जास्त खटकली हे मला आजही ठरवता येत नाही. वारजं पुण्यात येतं हे तुम्ही शेवटपर्यंत मानलं नाहीत. मंडईत निघालात तरी "पुण्यात जाऊन येते" म्हणायचात. मी सकाळी कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी यायची, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या ओट्यावर माझी परीक्षा असायची. पहिल्या दोन वर्षांत माझ्या हातचं खाऊन तुम्ही काय काय म्हणालात ते मला पाठ आहे. भाजीला "तिखट आहे." वरणाला "गरम आहे." पुरणपोळीला "ही पोळी का?" तुमचा मुलगा सगळ्यालाच छान म्हणतो, करपलेल्यालाही, म्हणून त्याचं मत मी धरतच नाही. मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

त्याच सुमारास पगारवाढ झाली आणि मी ओव्हन घेतला. ऑफिसातली एक मैत्रीण अमेरिकेहून प्रोजेक्ट संपवून आली होती, तिने मला हे थरांचे बार शिकवले. एकदम सोपं, बिघडायला जागाच नाही, असं म्हणाली. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ट्रेमध्ये दाबायचा, त्यावर खोबऱ्याचा कीस, अक्रोड, चॉकलेटचे तुकडे, वरून कंडेन्स्ड मिल्कचा आख्खा डबा ओतायचा आणि भाजायचं. तो पहिला दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही खुर्चीवर मेथी निवडत बसल्या आहात. मी लाटण्याने बिस्किटं कुटतेय.

"चांगली शाबूत बिस्किटं आणलीस?"

"हो, आई."

"आणि आता फोडतेयस."

"हो."

"बेकरीत फुटकी मिळतात. निम्म्या भावात." मेथीची एक काडी बाजूला टाकून तुम्ही पुढे म्हणालात, "डबा ओतायचा नि वाट बघायची. यात स्वयंपाक कुठे आहे तेवढं सांग."

तरी वास सुटल्यावर तुम्ही मेथी तशीच ठेवून ओव्हनच्या काचेपाशी येऊन उभ्या राहिलात, हे मी पाहिलं होतं. गार झाल्यावर मी छान चौकोनी तुकडे कापले. तुम्ही वाकून पाहिलंत आणि विचारलंत, "या लाद्या कुठे बसवायच्या?" मी बशी पुढे केली. तुम्ही हात मागे घेतलात. "मला चालत नाही. मी काशीला वडी सोडलीय." मी म्हटलं, अहो आई, ही वडी नाही, बार आहे. "थापलंय, गार केलंय, कापलंय. वडीच ती. तुम्ही तिला इंग्रजीत काहीही म्हणा."

मग मला सगळी हकिगत कळली. यात्रा कंपनीबरोबर तुम्ही काशीला गेला होतात, तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने एकेक पदार्थ कायमचा सोडला. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पडवळ सोडलं. तुम्ही मात्र वडी सोडलीत, म्हणजे जीव की प्राण असलेली गोष्ट. "नावडतं सोडायचं म्हणजे शेजाऱ्याची छत्री दान करण्यासारखं," हे तुमचे शब्द, तेही काकू जिन्यात असताना. तेव्हापासून नारळाच्या वड्या तुम्ही घरादाराला करून घालायचात, स्वतः कणही चाखायचा नाहीत. मला तुमचं कौतुक वाटलं आणि मनातून रडूही आलं, कारण माझ्या हातचा जो एकच पदार्थ बिघडत नव्हता तो नेमका तुम्हाला वर्ज्य निघाला.

पुढच्या वेळी ट्रे गार झाला तेव्हा तुम्ही माझ्या हातातली सुरी काढून घेतलीत. "चौकोन नको. नीट वड्या पाडू." आधी उभ्या रेघा, मग तिरक्या. शंकरपाळ्यासारख्या देखण्या वड्या तुम्ही डब्यात भरल्यात. तिरकं कापलं की कडांना त्रिकोणी तुकडे उरतात, ते सगळे एका वाटीत गोळा केलेत आणि गॅलरीत गेलात. मी वाळलेले कपडे काढायला मागून आले तर तुमचं तोंड चालू होतं.

"अहो आई! काशी?"

तुम्ही अजिबात दचकला नाहीत. "वडी सोडलीय मी. हा चुरा आहे. वड्या पाडून जे उरतं त्याला आमच्याकडे वडी म्हणत नाहीत. तुमच्याकडे म्हणत असतील." मग सावकाश आणखी एक त्रिकोण संपवून म्हणालात, "तळ सुटतोय. लोणी कमी पडलं."

मी त्या दिवशी आत जाऊन एकटीच हसले. दोष काढलात, पण त्यासाठी खावं तर लागलंच होतं.

नंतर माझ्या लक्षात आलं, तुमच्या वड्या दिवसेंदिवस मधल्या मधे सरकत चालल्या होत्या आणि कडा रुंद होत होत्या. तुमच्या मुलाने एकदा विचारलंसुद्धा, एवढ्या मोठ्या ट्रेमधून एवढ्याशाच वड्या? तुम्ही म्हणालात, "ओव्हनमध्ये आटतात." तो इंजिनिअर आहे. त्याला पटलं.

आणि मग एका रविवारी, दार उघडंच होतं, खालच्या काकू विरजण मागायला थेट आत आल्या. तुमच्या हातात वाटी, ओठांना चॉकलेट. "अगं बाई! तुम्ही तर वडी सोडली होतीत ना?" काकूंच्या चेहऱ्यावर पडवळाचा सगळा वचपा काढल्याचं समाधान होतं. तुमचा हात वाटीत तसाच थांबला होता. मला ते बघवेना. मी ओट्यापासूनच म्हटलं, "काकू, वड्या इकडे डब्यात आहेत. आईंनी एकीलाही हात लावलेला नाही. हवं तर बघून जा. तो कडेचा चुरा आहे. आणि तुमच्या घरी काल पडवळ शिजत होतं, त्याचा वास आमच्या गॅलरीत आला होता." वास आला नव्हता. मी ठोकून दिलं. काकू लालबुंद झाल्या, "ते ह्यांच्यासाठी केलं होतं," म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या.

तुम्ही ओठांचं चॉकलेट पुसलंत. मग वाटी माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खा. आज चांगलं झालंय." एवढंच. अहो आई, त्या वर्षी ऑफिसात मला बढती मिळाली होती, ती मला धड आठवतही नाही.

पुढच्याच आठवड्यात मी लक्ष्मी रोडच्या मागच्या भांडी गल्लीतून गोल ट्रे आणला. गोल भांड्यात शंकरपाळ्या पाडल्या की कडा केवढ्या उरतात ते दुकानदारालाही समजलं नसेल. तुम्ही ट्रे उलटासुलटा करून पाहिलात.

"गोल का?"

"चौकोनी मिळाला नाही."

"हल्ली मिळत नसतील," तुम्ही म्हणालात, आणि सुरीला धार आहे का ते अंगठ्याने पाहू लागलात.

तोच ट्रे समोर गार होतोय. तुमची आठवण येते. रोज येते असं नाही, पण या वासाबरोबर हटकून येते. कडा वाटीत काढते, गॅलरीत जाते आणि उभ्यानेच खाते. नात म्हणते, मम्मा तू चोरून का खातेस? तिला काय सांगणार.

तर काशी. गुरुजींनी विचारलं, काय सोडता? माझ्या कानात तुमचं छत्रीचं वाक्य वाजत होतं. आवडतं तेच सोडायचं, म्हणून मी या कडा सोडायच्या असं घरूनच ठरवून गेले होते. पाणी हातात घेतलं आणि मनात आलं, मी सोडल्या तर तुमच्या वाटणीच्या खाणार कोण?

अहो आई, रागावू नका. मी पडवळ सोडलं.