निरोगी छातीचा आवाज

परंडा, २ मार्च १९४३

नळी मिळाली! खरीखुरी, रबराची, दोन्ही कानांत घालायची! डॉक्टरसाहेब म्हणाले, "जगदेवी, बायका मला छाती तपासू देत नाहीत. तुझे कान ते माझे कान." एप्रिलअखेर इम्तहान. पास झाले तर हैद्राबादला नर्सच्या शाळेत नाव पाठवणार. माझं नाव!

अव्वाला सांगितलं. "आधी ज्वारी पाखड," म्हणाली. पाखडली. भुसा घशात गेला, लई वेळ खोकत बसले.

५ मार्च

साहेबांनी खाटकाकडून बकऱ्याचं फुप्फुस आणवलं. आम्ही लिंगायत — अन् मी हात लावला! त्याच्या श्वासनळीतून फुंकलं तर टम्म फुगलं. माणसाच्या उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. काळजाला जागा द्यावी लागते ना!

विहिरीवर आंघोळ करूनच घरी आले. अव्वाला सांगणार न्हाय म्हणजे न्हाय.

९ मार्च

साहेब म्हणाले, आधी निरोगी छातीचा आवाज तोंडपाठ कर. कुणाच्या छातीचा? शेजारची शिवगंगा गुदगुल्या होतात म्हणून खिदळते. अव्वा गळ्यातलं इष्टलिंग बाजूला सरकवू देत नाही. मग सुचलं — माझीच छाती! एकोणीस वर्षांची, धडधाकट. रोज न्हाणीचं दार लावून ऐकते.

उजवीकडं, गळ्याजवळच्या हाडाखाली बारीक कुरकुर येते. केस कानाजवळ चोळावेत तशी. डावीकडं येत नाही. उजवी श्वासनळी जास्त सरळ अन् रुंद असते, त्यानंच! माझं मीच ओळखलं!

१७ मार्च

रोग्याची हकिकत विचारणं हा वेगळाच हुन्नर! खोकला किती दिवस, बेडका कसला, घाम येतो का, अंग उतरलं का. साहेब म्हणतात तीनदा विचार. पहिल्यांदा माणूस लाजून सांगतं, दुसऱ्यांदा भिऊन, तिसऱ्यांदा खरं.

उमाबाई आधी म्हणाल्या, "दोन-चार रोज झाले." मग म्हणाल्या, "महिना असंल." तिसऱ्यांदा — "पोळ्यापासून गं बाई!" उड्या मारायचीच राहिले.

२ एप्रिल

चोळ्या ढगळ व्हायला लागल्यात. जेवायचं सुचतंय कुणाला!

२८ एप्रिल

उद्या इम्तहान! पहाटे उठले तर चोळी घामानं चिंब. उकाडा तरी किती!

२९ एप्रिल

म्हाताऱ्या गिरिजाबाईंची छाती ऐकायला दिली. जागा न् जागा ऐकली. "उजवी वरची बाजू साफ!" मी म्हणाले, ठासून.

म्हातारी साहेबांना म्हणाली, "तुमीबी ऐका की. या वयात मला कसली लाज?" साहेबांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"जगदेवी, इथली कुरकुर ऐकू आली नाही?"

"आली की साहेब! पण ती असतेच. निरोगी छातीतबी असते."

"कुणाच्या?"

३० एप्रिल

आज रोग्याच्या स्टुलावर मी.

"खोकला किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"दोन-चार रोज."

पुन्हा विचारलं.

"ज्वारी पाखडली तेव्हापासून."

तिसऱ्यांदा विचारलं.

"दिवाळीपासून."